क्रेट खाली रखना!

परवा माझ्या हिंदीने केनियात गोंधळ घातला...

मी जयपूरला सोडाला भागातल्या घरी बसून कोल्ड स्टोरेजची डिझाइन्स करते. आमच्या कंपनीने केनियातलं एक जुनं कोल्ड स्टोरेज नुकतंच नव्याने उभं करून दिलंय. तिथल्या बागायतदारांचे ॲव्होकाडो बोटीची वाट बघत उन्हातच खराब व्हायचे. परवा त्यांचा पहिला कंटेनर परदेशी निघणार होता, आणि हा माल तिकडे खराब निघाला असता तर दुसरी ऑर्डर विसराच.

आमचे सुपरवायझर हनुमानजी मूळचे जयपूरजवळच्या बगरूचे, सध्या केनियातच आहेत. त्यांनी फोटो पाठवला, तर पंख्यासमोर क्रेटची थप्पी थेट छतापर्यंत! हवा फिरणार कुठून? मी घाईघाईत व्हॉइस मेसेज टाकला, "हनुमानजी, पंखे के सामने वाले क्रेट खाली रखना."

म्हणजे थप्पी उतरवून खाली ठेवा... आमच्या सोलापूरचं 'खाली' हो!

लेक शेजारीच होती. जयपुरात वाढलेली, मराठी अडखळत बोलते, पण माझ्या हिंदीतल्या चुका पकडायला एकदम तयार. "आई, हिंदीत 'खाली' मतलब रिकामं! ते क्रेट रिकामे करतील ना!"

फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला, तोवर केलेही होते. त्यातले सगळे ॲव्होकाडो ताडपत्रीवर. चूक माझी असून मी त्यांच्यावरच ओरडले.

"मॅडमजी, पहले सुन तो लो," हनुमानजी शांतपणे म्हणाले.

क्रेट रिकामे करताना तिथे माल भरणाऱ्या, केनियाच्याच नीमाताईंच्या हाताला काही फळं मऊ लागली होती. वरून हिरवीगार, आतून पिकायला लागलेली. अशी चार फळं बंद कंटेनरमध्ये गेली की शेजारचीही भराभर पिकतात... पोहोचेपर्यंत सगळ्याचा लगदा. आमच्या मीटरवर तापमान अगदी बरोबर दिसत होतं, बरं का!

मग नीमाताईंनी कोणी न सांगता उरलेले क्रेटही तपासून मऊ फळं बाजूला काढली. संध्याकाळी कंटेनर निघाला.

मी व्हिडिओ कॉलवर त्यांना नुसते हात जोडले, भाषा कुठली येतेय! त्या हसल्या. एक ॲव्होकाडो कॅमेऱ्यासमोर धरून, देठापाशी अंगठ्याने कसं हलकेच दाबून बघायचं ते मला दाखवलं... मला कळलं नसेल म्हणून पुन्हा एकदा दाखवलं.

इतकी वर्षं फळांसाठी थंड खोल्या आखतेय, पण फळ हातात घेऊन बघायला मला परवा पहिल्यांदा कोणीतरी शिकवलं. नीमाताई, मनापासून आभार.