भोईर काकांचा कान

भोईर काका तयार झालेला प्रत्येक नग दोरीला टांगायचे, पितळी सळईने हलकाच टोला द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. डिप्लोमा करून मी अंबरनाथच्या त्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेव्हा मला हसूच आलं होतं.

"काका, घंटा वाजवून आरती कुणाची करताय?" मी विचारलं.

"तुजा मीटर वरून बघतो, बाय," ते म्हणाले. "पोटात काय हाय ते नगालाच इचारायला लागतं."

काका जांभूळ गावचे. तिथून सायकलने यायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली सुकट उघडली की आमचे सिंधी सेठ वासाने केबिनचं दार लावून घ्यायचे, आणि पाच मिनिटांनी स्वतःच बाहेर येऊन "थोडा इधर भी दो" म्हणायचे.

मग ती ऑर्डर आली. मोठ्या विमानाच्या पोटाखाली रॉकेट टांगायचं, ढगांच्या वर नेऊन सोडायचं, आणि पडता पडता त्याचं इंजिन पेटून त्याने छोटे उपग्रह कक्षेत पोचवायचे, असं एका नव्या कंपनीचं काम होतं. रॉकेट धरून ठेवणारे पुढचे-मागचे हूक आम्ही करायचे होते. दोन्ही एकाच क्षणी उघडायला हवेत.

"धरायला कोनीपन धरंल," काका म्हणायचे. "येलेवर सोडता आला पायजे."

चार हूक झाले. तीन काकांनी पास केले. चौथा त्यांनी दोनदा वाजवला आणि त्यावर लाल रंगाचा टिपका ठेवला. "नाद बसका हाय. हा जायाचा नाय," म्हणाले आणि घरी गेले.

मी तो तीनदा मोजला. रंग टाकून तडा शोधला. काही नाही. फाटकात टेम्पो उभा होता. सेठ म्हणाले, "मॅडम, माप में पास है ना? फिर क्या सोचना?" पण सगळं सेठवर ढकलणं खोटं होईल. माझ्या सगळ्या उपकरणांपेक्षा एका म्हाताऱ्याची सळई मोठी, याचाच मला राग आला होता. मी थिनरने टिपका पुसला आणि चारही नग पेटीत भरले.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "टिपक्याचा बाजूला ठेवलास ना?"

"हो काका," मी म्हणाले.

काही महिन्यांनी सेठच्या मोबाइलवर आम्ही चाचणीचा व्हिडिओ पाहिला. विमान, त्याखाली पांढरं रॉकेट. ते सुटलं, त्याचं नाक खाली गेलं आणि इंजिन न पेटताच ते समुद्रात पडलं. कॉलेजच्या मुलांनी केलेला एक उपग्रहही त्यासोबत गेला. कुणाला इजा झाली नाही. कारण शोधतोय, असं कंपनीने कळवलं.

काकांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "मागचा मागाहून सुटला."

नगांवर नंबर असतात. मी बाहेर जाऊन कंपनीला फोन लावला. मागे चौथा बसवला होता.

आत आले तेव्हा काका सेठना सांगत होते, "त्या तिनांतलाच व्हता. मीच पास केला त्याला. मना तो बरा वाजला." त्या दिवसापासून त्यांनी नग वाजवणं सोडलं, आणि महिन्याभरात कामही. त्यांना खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आधी मला नोकरीची भीती वाटली, आणि मग इतके दिवस गप्प राहिल्याची लाज.

शेवटी एका रविवारी मी जांभूळला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. काका ओटीवर बसून स्टीलच्या पेल्यांवर चमचा मारत होते, एकेका पेल्याला कान लावून.

"माजा कान कवा गेला, मना समजलाच नाय," ते म्हणाले.

मी म्हणाले, "तुमचा कान चांगला आहे, काका. अजून चांगला आहे."

"तुजा मन चांगला, म्हनून बोलतेस," ते म्हणाले आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी तो चहा पिऊन परत आले.

पावसाळा संपता संपता काका गेले. दहाव्यानंतर त्यांची सून वर्कशॉपच्या फाटकावर आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सळई तिने माझ्या हातात दिली. "बायचा कान तरना हाय, तिला दे, असा सांगून गेलं," ती म्हणाली.

आता मी प्रत्येक नग टांगते, टोला देते, डोळे मिटते. नग वाजतो. तो नाद विरायच्या आत काका नेहमीच्या साध्या आवाजात विचारतात, "बाजूला ठेवलास ना?" संशयाचा नग मी हल्ली खरोखरच बाजूला ठेवते, सेठ कितीही ओरडले तरी. पण काका विचारतात ते त्या एकाच नगाबद्दल, हे मला कळतं. मी पुढचा नग दोरीला टांगते.