केळीच्या बागेत समजलेला फिश डाइव्ह

मित्रांनो, ताईचं कपाळ शाबूत आहे. कालपर्यंत मला खात्री नव्हती.

माझी ताई आमच्या शहरातल्या शनवारा भागात मुलींना डान्स शिकवते. रविवारच्या कार्यक्रमात तिचा पार्टनर मी, कारण घरात दुसरं कोणी रिकामं नाही. बॅलेत ‘फिश डाइव्ह’ नावाची पोज असते. पाण्यात सूर मारणाऱ्या माशासारखं तिचं तोंड जमिनीकडे, पाय वर, आणि मी तिला धरून ठेवायचं. काल सरावात ती माझ्या हातातून सुटली. कपाळ फरशीपासून वीतभर उरलं.

"उद्या नाही जमलं तर ही पोज कट," ती म्हणाली. रागावली असती तर चाललं असतं. घाबरली होती.

आज सकाळी बुधवारा बाजारात चिकटटेप आणायला निघालो आणि नेहमीसारखा भलतीकडेच, गावाबाहेर केळीच्या बागेत पोचलो. एक काका घड कापत होते, दुसरे खाली खांदा लावून उभे. म्हटलं, मी घेऊ? हात लांब करून धरला आणि घडासकट वाकलो.

"अरे भाऊ, साप आहे का तो? अंगाला लाव!" घड कापणारे काका ओरडले.

अंगाशी घेतला, गुडघे वाकवले. वजन हातांतून पायांत उतरलं.

धावत घरी आलो. ताईला तसंच धरलं. पूर्ण आठ मात्रा!

"पागल, उतरव आता! आणि महिनाभर मी काय सांगत होते? जवळ धर, हेच ना?"

हेच सांगत होती. तुमच्याकडेही घरच्यांचं म्हणणं असंच बाहेर जाऊन समजतं का?