ओवाळताना घातलेली लोखंडी टोपी

वसंता गेल्याची बातमी आली तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. आमच्याकडे फोन नाही. शेजारच्या वकिलांकडे आहे. वकीलबाई एरवी फाटकातूनच हाक मारतात. त्या दिवशी त्या अनवाणी आत आल्या आणि माझ्या हातातलं सूप काढून घेऊन बाजूला ठेवलं. "अकोल्याहून फोन होता," एवढंच म्हणाल्या. भाऊबीज होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

शेखर, शोभा, तुम्ही दोघं दिल्लीला. तुमच्या तिकडच्या आजोबांच्या तब्येतीमुळे तुम्हाला लगेच बोलावता आलं नाही. ज्याला तुम्ही फटफटीआजोबा म्हणायचात तो माझा धाकटा भाऊ नेमका कसा गेला, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. नातेवाइकांत बोललं जातं की वसंता भरधाव जायचा, म्हातारपणीही फटफटीचा नाद सुटला नाही. हे खरं नाही. शेखरनं सांत्वनाच्या पत्रात शेवटी विचारलं आहे, "आजी, फटफटी मला मिळेल का? मी दुरुस्त करून वापरीन." कुसुमनं, म्हणजे वसंताच्या बायकोनं, पत्र वाचून माझ्या हाती परत दिलं. "ताई, तुम्ही सांगाल तसं," म्हणाली. उत्तर द्यायचं तर आधी सगळं सांगायला हवं.

वसंता गुरांचा डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं अकोला जिल्ह्यात गेली. सुरुवातीला तो सायकलनं खेड्यांत जायचा. पोट फुगलेला बैल सायकलची वाट पाहत नाही, असं म्हणून पन्नास सालानंतर कधीतरी त्यानं लष्कराच्या लिलावातून ती फटफटी आणली. हिरवा रंग, टाकीवर पोचे. बॅटरी पहिल्याच वर्षी गेली, ती त्यानं पुन्हा घातली नाही. इंजिन चालू असलं की दिवा लागायचा आणि इंजिन बंद झालं की विझायचा. मी ते त्याला बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, "ताई, उभ्या फटफटीला दिवा कशाला?" तेव्हा मला ते पटलं होतं.

फटफटीबरोबर लष्करातल्या स्वारांची लोखंडी टोपीही आली होती. आत कातडी पट्टे आणि हनुवटीखाली बांधायला बंद. वसंतानं ती आठवडाभरसुद्धा घातली नसेल. उन्हात तापते म्हणायचा. मग पट्टे काढून तो तिच्यात औषध कालवायला लागला. जवसाचं तेल, हिंग, आणखी काय काय. गोठ्यात भांडं मागावं लागत नाही आणि बैलाची लाथ बसली तरी फुटत नाही, हे त्याचं समर्थन. "ही डोक्यावर घातली तर बैल मला ओळखायचे नाहीत," असंही म्हणायचा. त्यावर तुमचे आजोबा म्हणाले होते, "बैलांचं सोड, निदान यम तरी चुकेल." आम्ही सगळे हसलो होतो.

भाऊबीजेला तो अकोल्याहून फटफटीवरच यायचा. गुरुवार असो की रविवार, दुपारी जेवायच्या आधी. बडनेऱ्याकडून येणारा तो आवाज आम्ही लांबून ओळखत असू. मी निरांजन लावेपर्यंत फटफटी फाटकात. ओसरीच्या फरशीवर तेल ठिबकायचं म्हणून मी एक जुनी पितळी परात राखून ठेवली होती. ती आधीच जागेवर मांडलेली असे. "आली वाटतं माझ्या फटफटीची पिकदाणी," असं म्हणत तो बरोबर परातीवर फटफटी उभी करायचा. ओवाळताना पुरुषाचं डोकं उघडं नसावं हा आपल्याकडचा रिवाज, आणि टोपी आणायला तो हटकून विसरायचा. एका वर्षी रुमालही सापडेना. शेखर, तू तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतास, तूच धावत जाऊन फटफटीला अडकवलेली ती लोखंडी टोपी आणलीस. वसंता गंभीर चेहऱ्यानं ती घालून पाटावर बसला. टोपी भुवयांपर्यंत उतरलेली. हिंगाचा वास पसरला. मी अक्षता टाकल्या तर त्या टण टण वाजल्या. "ताई, आता गोळीबार झाला तरी हरकत नाही," तो म्हणाला. हसण्यानं माझ्या हातातलं ताट हललं. ती टोपी मी त्याच्या डोक्यावर पाहिली ती तेवढीच.

आता तो गेला कसा, ते. फटफटी घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे तिच्या आवाजानं एक बैलजोडी बुजली होती. गाडी खड्ड्यात गेली आणि एका बैलाचा पाय मोडला. पाय मोडलेल्या बैलाचं काय होतं हे वसंताइतकं कोणाला माहीत असणार? रात्री घरी येऊन तो जेवला नाही, असं कुसुम सांगते. त्या दिवसापासून पुढे बैलगाडी दिसली की तो इंजिन बंद करून थांबायचा. गाडी लांब गेली की पुन्हा किक मारायचा. त्या भागातल्या गाडीवानांना हे पाठ झालं होतं. मागून फटफटीचा आवाज आला की ते कासरा आवळायचे, आणि आवाज थांबला की डॉक्टर थांबले असं समजून सैल सोडायचे. इतकी वर्षं कोणाला खरचटलंही नाही.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुखदेव अकोल्याच्या घरी आला. वसंताची फटफटी ज्याच्या गाडीवर आदळली तोच हा शेतकरी. पायरीवर बसला, वर यायला तयार होईना. वसंताचा मुलगा आतल्या खोलीत निघून गेला. त्याला सुखदेवचं तोंड पाहायचं नव्हतं.

"बाई, मी कापूस घेऊन येत होतो," सुखदेव म्हणाला. "अंधार पडून रायला होता. गोऱ्हे नवे, पयल्यांदाच जुपले. मागं टेकाडावर फटफटी आयकू आली न मंग बंद झाली. मले वाटलं, डाक्टरसायब वरच उभे रायले. खाली नाल्यावरचा रपटा अरुंद, म्हून मी गाडी मधात घेतली."

वसंता वर थांबला नव्हता. इंजिन बंद केलं तेव्हा फटफटी उताराला लागली होती. दिवा विझला, आवाज विझला, आणि ती तशीच खाली घरंगळत आली. जुन्या ब्रेकांनी ती कितीशी आवरणार? अंधारात समोर आडवं चाक आलं. वेग फार नव्हता, असं पोलीसही म्हणाले. हाडं शाबूत होती. मार फक्त डोक्याला होता...

कुसुमनं विचारलं, "गाडीला कंदील होता का, सुखदेव?"

"होता बाई. पेटवला नोयता. रपटा वलांडला का पेटवू, मनलं."

मग कुसुम म्हणाली, "आणि गोऱ्हे? बुजले का?"

सुखदेवनं मान खाली घातली. "नाही बाई. जागचे हालले नाहीत."

तिनं आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला. मला तिचा रागही आला आणि तिच्याबद्दल आदरही वाटला. खटला वगैरे काही करायचं नाही, हे तिनं मुलाला त्याच संध्याकाळी सांगितलं.

शेखर, आता तुझं उत्तर. फटफटी तुला मिळणार नाही. मी कुसुमला तसं सांगितलं आणि तिनं ती मोडीत दिली. पण तू माझा नातू आहेस. ही नाही तर दुसरी घेशील, हे मला समजतं. तशी घेतलीस तर उतारावर इंजिन चालू ठेव. बॅटरी वेळेवर बदल. आपण ज्याच्या मागून येतो आहोत त्याला आपला आवाज कळू दे, दिवा दिसू दे. तो बुजला तरी चालेल.

अकोल्याहून निघताना मी एकच वस्तू मागून आणली. गोठ्याच्या खुंटीवरची ती टोपी. चिंचेनं आणि राखेनं घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. इथल्या चांभाराकडून आत नवे पट्टे आणि बंद बसवून घेतले. पार्सल करायचं म्हणून काल कापडात गुंडाळायला घेतली तर आतून हिंगाचा वास तसाच आला. पुन्हा घासायला हात उचलेना.

पितळी परात अजून ओसरीवर आहे. टोपी त्या परातीत ठेवली आहे. सोमवारी टपालात टाकीन. वास येतो म्हणून काढून ठेवू नकोस, डोक्यावर घाल.