नाल्याच्या तोंडाशी हिरवं

चारुलता माझी मावसबहीण. इच्छापूरकडच्या आमच्या गावातून ती रोज बुऱ्हाणपूरला, बुधवारा पेठेतल्या एका खासगी संस्थेत जाते आणि उपग्रहाने टिपलेली चित्रं वाचते. झाडं, ओल, उष्णता, उघडी जमीन यांत वर्षागणिक काय बदललं ते ताडून एखाद्या तळ्याच्या खोऱ्याची तब्येत सांगायची, हे तिचं काम. घरी तिला 'आभाळातून बघणारी' म्हणून चिडवतात. मला या चिडवण्याचा संताप येतो, कारण खाली बघायला तरी इथे कुणाला वेळ आहे?

गेल्या वर्षी आमच्याच तळ्याचं काम तिच्याकडे आलं. चित्रांत तळं दरवर्षी जास्त हिरवं दिसत होतं. संस्थेचे प्रमुख धर्मेंद्रजी खूश झाले. "देखो, हरियाली वाढली! लिहून टाका, स्थिती सुधारली." तसं लिहिलं की तळ्याच्या सफाईची योजना गुंडाळली जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सर, काठावरचं हिरवं केळीचं आहे आणि पाण्यावर तरंगतं ते जलकुंभीचं," चारू म्हणाली. "खाली पाणी सडलंय. मासे मेलेत."

"उपग्रहाला मासे दिसतात का, मॅडम?"

पंख्याखाली बसून हे विचारणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो. चारूने पाण्याचा भाग जमिनीपासून वेगळा काढून सगळं पुन्हा तपासलं. सर्वात दाट हिरवं निघालं ते एका नाल्याच्या तोंडाशी, आणि तो नाला तिच्या वडिलांच्या, सुपडूकाकांच्या वावरातून येतो.

आमच्याकडे केळीचा घड उतरला की उरलेलं खोड तोडून नाल्यात ढकलतात. सगळेच ढकलतात. ते कुजतं, त्याचं खत तळ्यात उतरतं आणि जलकुंभी माजते.

चारूने नकाशा घरी आणला, तर काका हरखूनच गेले. "पाह्य, आपल्या वावरापाशी सगळ्यात जास्त हिरवं!" समजावून सांगायच्या आत त्यांनी तो कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलासुद्धा. खरं कळल्यावर मात्र ओरडले, "बापाचं वावर सरकारले दाखवशीन तू?"

धर्मेंद्रजींनाही कुठून तरी कळलं. "खोडांबद्दल सरकारची पहिली नोटीस कोणाला जाणार? पिताजींना?" ते हसत म्हणाले.

"हो. त्यांनाच जाऊ दे."

ती माघार घेईल एवढ्याच भरवशावर गडी बसला होता. त्याचं हसू मावळलं आणि अहवाल तिने लिहिला तसाच गेला. सफाईची योजना टिकली.

नोटीस आली त्या दिवशी काकांनी खोडांची अख्खी ट्रॉली अंगणात उलटी केली. "घे! नाल्यात नाही ना टाकायचं? मंग कुठी टाकू ते तूच सांग!"

चारूने कोयता घेतला आणि तुकडे करत बसली. हात चिकाने काळे पडले. तुकडे पाटीत भरून ती वावरातच खत म्हणून पसरवत राहिली, आणि काका खाटेवर बसून नुसते बघत होते. मला त्या खाटेला लाथ मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र ते उठले, तिच्या हातातला कोयता हिसकावला आणि स्वतः कामाला लागले.

यंदाचं नवं चित्र आलं. धुरपदामावशी दचकली. "अगं बाई, आपल्या नाल्यापाशी हे काळं काय व्हय? नजर लागली का?"

"आई, ते पाणी आहे. मोकळं पाणी काळंच दिसतं."

काकांनी चष्मा लावून नकाशा जवळ धरला. आजूबाजूला सगळं हिरवंगार, आणि मध्ये नखाएवढा काळा ठिपका. "येवढंसं?"

"मग किती दिसणार?" चारू कडाडली. "तळ्यात येणारे नाले पाच, आणि कोयता एकट्या तुमच्या हातात!"

काकांनी चष्मा काढून ठेवला. मग कोपऱ्यातला कोयता उचलून शेजारच्या भाईदासच्या वावराकडे निघाले, वाटेनेच त्याला खोडांवरून शिव्या घालत.