देवांची हजेरी घेणारे मामा

देवाला इतक्या हक्काने रागावणारा आणि रागावून झाल्यावर इतकं मनमोकळं हसणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या माणसाचं हसू मी कापलं. बटण दाबून, कॅसेटवरून कापलं आणि वर त्यांच्या तोंडावर खोटंही बोललो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सारं मी कौतुक म्हणून लिहीन आणि माझा गुन्हा त्यात विरून जाईल.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. देवपुरातल्या एका शाळेत ते शिपाई होते. निवृत्त झाल्यावर त्यांची शाळा सुटली, पण घंटा सुटली नाही. त्यांनी देवघरातच शाळा भरवली. सकाळी सातला पहिली घंटा झाली की पितळी देव ताम्हनात उतरायचे. मग हजेरी. "बाळकृष्ण?" असं दरडावून विचारायचं आणि आपणच बारीक आवाजात "हजर!" म्हणायचं. अन्नपूर्णा शहाणी मुलगी, मारुती मात्र वर्गातला उनाड. मामींचा गुडघा दुखायला लागला की मामा त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि बोट नाचवत विचारायचे, "तुले काही समजस का? डोंगर उचलस, आन् हिना गुडघा उचलाले जोर नही?" मग पुढचे तीन दात पडलेलं तोंड उघडून असे हसायचे, की समोरच्या ओट्यावरच्या बायकाही निवडणं टाकून हसायच्या. मधल्या सुट्टीत खडीसाखर वाटली जायची. सगळी गल्ली यायची.

तेव्हा मी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचो. नवा कॅमेरा आला, तो तपासायला मामांची पूजा चित्रित केली. त्याच सुमारास गावात केबल आली होती, आणि ती चालवणाऱ्या माझ्या मित्राला अंधश्रद्धेवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा होता. मी त्याला ती कॅसेट दाखवली. तो म्हणाला, "भाऊ, असा साधा भक्त टीव्हीवर कोण पाहील? देव मानणारा माणूस पडद्यावर दोनच प्रकारचा चालतो. एकतर डोक्यामागे तेज पाहिजे, नाहीतर डोळ्यांत भय पाहिजे."

तेज आणणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी उजेड कमी केला, वेग मंद केला, मामांचा आवाज काढून त्याजागी घुमणारं संगीत भरलं. देवाकडे नाचणारं बोट, भिंतीकडे फिरवलेला मारुती, समईच्या उजेडात उघडणारं तोंड. आणि हसू फुटायच्या नेमक्या क्षणी मी चित्र थांबवलं. हसण्यासाठी उघडलेलं ते तोंड तसंच राहिलं, काळं आणि खोल. एवढ्या अंधारात मामांना कोण ओळखणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मामांच्या टीव्हीला केबल नव्हती, म्हणून रविवारी संध्याकाळी घरचे सगळे आमच्याकडेच टीव्ही पाहायला जमले होते. ते तोंड पडद्यावर थांबलं तेव्हा मामांनी मला विचारलं, "जवाईबापू, हाऊ कोन शे?"

"असेल कुणी बाहेरगावचा," मी म्हणालो.

ते पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "देव ते मनाच शेतस."

देव आपलेच आहेत, पण त्यांच्यासमोर बसलेला माणूस कुणी दुसराच आहे, असं त्यांनी मानलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मानलं. गल्लीने मात्र त्यांना बरोबर ओळखलं आणि मांत्रिक ठरवलं. खडीसाखरेला कुणी येईना. समोरचा ओटा पूजेच्या वेळी रिकामा राहू लागला. आणि एके दिवशी, कुणाकडून तरी ऐकून, चोपड्याहून एसटीने एक गृहस्थ आला, पिशवीत सात लिंबं घेऊन. शेजाऱ्याची केळीची बाग वाळवून द्या म्हणाला. मामांनी त्याला पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "तो मी नही. तो टीव्हीमा राहस." तो माणूस हात जोडून, पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी दाराबाहेर गेला.

मामींनी मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "आता देवांची हजेरी झाली की हे टीव्हीकडे बघतात. 'आन् तू?' म्हणतात आणि थांबतात. जवाईबापू, मला माझ्याच घरात बसवत नाही. हसतसुद्धा नाहीत हो आताशा."

दुसऱ्या दिवशी मूळ कॅसेट पिशवीत घालून मी गेलो. ती आहे तशी, हसण्यासकट, सगळ्या देवपुराला दाखवायला मित्राला कसंबसं तयार केलं होतं. भर दुपार होती आणि वीज गेलेली. मामा बंद टीव्हीसमोर पाटावर बसले होते. राखाडी काचेत एक म्हातारा त्यांच्याकडे पाहत होता.

"हस ना रे भो," मामा त्याला म्हणत होते. अगदी अजिजीने. काचेतला हसत नव्हता. क्षणभर मलाही वाटलं, की तो खरोखरच दुसरा कुणी आहे आणि त्याला मीच या घरात आणून सोडलंय.

"मामा, तो बाहेरगावचा नाही. तुम्हीच आहात," मी म्हणालो. "तुमचं हसू मी कापलं."

मामा उठले, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या मारुतीला अलगद उचलून देवघरात ठेवलं, आणि रिकाम्या झालेल्या जागेकडे बोट दाखवलं. चाळिशीला आलेला मी, हातातली पिशवी खाली ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीला तेलाचा, कापराचा वास होता. मागून घंटा वाजली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, मारुती, नावं संपली. 

"जवाईबापू?"

"हजर," मी भिंतीला म्हणालो. "मला माफ करा, मामा."