गोवऱ्यांचा दुष्काळ

नांदगाव खंडेश्वरात मनकर्णेच्या रोडग्यांना कधी कोणी नाव ठेवलं नाही, आणि ठेवलं असतं तरी तिने ऐकून घेतलं नसतं. रोडगा हे काही नाजूक काम नव्हे. जाडसर दळलेली कणीक, चिमूटभर ओवा, तेलाचं मोहन. छोट्या पुऱ्यांना तेल लावून एकीवर एक रचायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. घाई केली की आतून कच्चा, गप्पांत रमलं की बाहेरून कोळसा. भाजला की फडक्यात घालून राख झाडायची, फोडायचा, तुरीच्या वरणात बुडवायचा. माणूस रडत आलेला असो की भांडून, दुसऱ्या रोडग्यापर्यंत निवळतो, असा तिचा अनुभव होता.

ही विद्या तिला सासऱ्यांनी दिली. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती आणि हिला भाकरी थापता येत नव्हती. नत्थुजींनी तिला मळ्यात नेलं, गोवऱ्या मांडल्या आणि म्हणाले, "बस इथं. रोडगा बाप्यामाणसाचं काम हाये, पण तुले शिकोतो. कोणाले सांगू नको." तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं.

वीस वर्षं ठीक चाललं. मग कापसाला भाव आला. सातासमुद्रापार अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे नांदगावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिथलं भांडण मिटू नये म्हणून खंडेश्वरापुढे नारळ फुटत होते.

मनकर्णेचा नवरा खुशालराव तोवर बऱ्यापैकी शहाणा होता. त्याने आधी ज्वारीच्या वावरात कापूस पेरला, मग वांग्यांच्या वाफ्यात, मग विहिरीभोवती, आणि शेवटी अंगणात. अठराशे चौसष्ट सालच्या हिवाळ्यात त्यांच्या घरी पाहुणा आला की बोंडं बाजूला सारत, आडवा होत आत यायचा. पैसा मात्र असा आला की ठेवावा कुठे ते कळेना. तेव्हा खुशालरावाने गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवायचं ठरवलं.

धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चढवताना जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण करून तापवतात, फुगली की चाकावर ठोकतात, वरून पाणी ओततात. लोहाराचा जन्म लोखंडात गेला. चांदी किती तापवावी हे त्याला काय माहीत? पहिली धाव वितळून राखेत गेली, दुसरी वाकडी झाली. दोन्ही चाकं होईपर्यंत घरामागचा गोवऱ्यांचा रचलेला हुडवा जमिनीला टेकला. खुशालरावाचं पाहून केशवरावाने धावा केल्या, त्याचं पाहून आणखी पंधरा जणांनी. गोवऱ्या अशा जळाल्या की गावावर आठ दिवस धूर होता. नव्या थापाव्यात तर शेण कुठे होतं? झाडून सगळे बैल कापूस घेऊन अमरावतीच्या रस्त्यावर, आणि गाई विकून लोकांनी आणखी बैल घेतलेले.

वाचलेल्या चांदीचा खुशालरावाने तवा केला.

चांदीच्या तव्यावर भाकर टाकली की तुम्ही 'भाकर' म्हणेपर्यंत करपते. मनकर्णेने आठ दिवस करपवली. नवव्या दिवशी नत्थुजींनी ताट सरकवलं.

"चांदी चावाले दात नाही मले. रोडगा कर."

"मामाजी, गोवऱ्या नाहीत."

"मंग मी जेवत नाही."

खुशालराव कापूस घेऊन अमरावतीला गेलेला, आणि म्हातारा खरंच जेवला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मनकर्णेने कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून पाहिला. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि निखारा न धरताच विझते. तो रोडगा नत्थुजींनी नुसता हुंगला आणि भिंतीकडे तोंड केलं. आता मेख अशी की त्या घरात सुनेने सासऱ्याआधी घास घ्यायचा नाही, ही रीत. म्हातारा भिंतीकडे तोंड करून उपाशी आणि मनकर्णा म्हाताऱ्याकडे तोंड करून. चौथ्या दिवशी नत्थुजींचा आवाज खोल गेला आणि हिला कणगी दोन दोन दिसायला लागल्या.

ती शेजारी पार्बताबाईकडे गेली. "बाई, चार गोवऱ्या देता काय?"

"अवं, सोन्याची पुतळी माग, आत्ता काढून देते," पार्बताबाई म्हणाली. "शेण कुठून आणू? इथं आंगण सारवाले नाही. पंधरा दिस झाले, उंबऱ्यावर चुना फासून राहिली मी."

पुढे पिंजाऱ्याची खुर्शीदबी दारात कापसाचा ढीग पिंजत बसली होती. तिने विचार करून सांगितलं, "बकरीच्या लेंड्या हायेत. चालतीन?"

"लेंड्यांवर रोडगा भाजू?"

"बुढा मरून राहिला अन् तुले पसंती सुचते!" खुर्शीदबी हात झटकत उठली. "चल मंग, सडकेवर जाऊ. बैल सडकेवर, तं शेणही सडकेवर. तेवढं तं अमेरिकेले गेलं नसंन."

असं अकलेचं बोलणं मनकर्णेने महिन्याभरात ऐकलं नव्हतं. तिने कणकेचं गाठोडं, वरणाचं गाडगं आणि मोठी टोपली घेतली. दोघी निघाल्या. एक कोसावर गाड्यांचा पडाव होता, तिथे उभा हिवाळा बैल बांधले जात. वाळून खडखडीत झालेलं शेण तिथेच मिळणार होतं. हातात गोठ, पायात वाळे, गळ्यात पुतळ्यांची माळ अशी मनकर्णा रस्त्यावरचा शेणाचा एकेक पो उचलत चालली.

समोरून एक माणूस तसाच कंबरेत वाकून येत होता. दोघांची डोकी आपटायचीच राहिली. तो खुशालराव होता. चांदी नरम, दगडावरून गाडी गेली की धावेला खड्डा पडे. म्हणून रिकामी गाडी मागे ठेवून तो स्वतः पुढे चालत रस्त्यातले दगड वेचत होता. अमरावतीहून निघून त्याला तीन दिवस झाले होते.

"अवं! हे काय करून राहिली तू?"

"शेण येचून राहिली. तुमी?"

"गोटे." मग त्याला आपली प्रतिष्ठा आठवली. "लोक पाहून राहिले ना! खुशालरावाची बायको शेण येचते!"

"खुशालरावाचा बाप चार दिसांपासून उपाशी हाये, ते नाही पाहून राहिले लोक?"

खुशालराव गोरामोरा झाला. बापावर जीव होता बिचाऱ्याचा, फक्त कापसाच्या भावाच्या धांदलीत विसर पडला होता. तो ताडताड पडावावर गेला आणि तिथल्या गाडीवानांपुढे त्याने हात वर केला. "एका वाळल्या पोवाला एक रुपया!"

याहून मूर्खपणा करता आला नसता. क्षणापूर्वी जे शेण पायाखाली तुडवत होते, त्याच्यावर गाडीवान आपापली घोंगडी टाकून बसले. हिवाळाभर ते एकच धडा शिकले होते: आज रुपया मिळतो त्याला उद्या दोन मिळतात. चंद्रभान नावाच्या थोराड गाडीवानाने तर बैलांच्या मागे गोणपाट धरायला माणूस उभा केला.

"दोन रुपये!" खुशालराव ओरडला.

"आमी इकत नाही गा," चंद्रभान शांतपणे म्हणाला. "भाव चढून राहिला."

"पाच!"

हे ऐकल्यावर तर सगळ्यांनी घोंगडीच्या कडासुद्धा आत दुमडल्या.

"तुमी चूप बसा!" मनकर्णा नवऱ्यावर खेकसली. "गाडी घ्या अन् मामाजीले घेऊन या. अन् गोटे येचत बसू नका, नाही तं मीच जाईन चाकावर घण घेऊन."

खुशालराव गेला. दगडाधोंड्यांवरून चांदी ठणठण वाजत गेली, ती ऐकून त्याचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होत होता, पण तो गेला.

मनकर्णेने स्वतः वेचलेलं मोजकं वाळलं शेण रचलं. खुर्शीदबीने फुंकर घातली. त्या जाळात दोनच रोडगे मावत होते. तिने कणीक मळली, पुऱ्या रचल्या, गोळे वळले, निखाऱ्यात पुरले. हळूहळू ओव्याचा आणि भाजल्या गव्हाचा वास सुटला आणि पडावभर पसरला.

ते गाडीवान दोन महिने घराबाहेर होते. कंबरेला रुपये होते आणि पोटात फुटाणे, सकाळीही फुटाणे, दुपारीही फुटाणे. वास आला तसा एकेकाचा भाव उतरायला लागला. पहिला एक म्हातारासा गाडीवान घोंगडी गुंडाळून उठला, पदरचे आठ पो तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "बाई, एक देजो. मायी बुढी असाच करते." त्याच्यामागे दुसरा आला, त्याच्यामागे सगळे. चंद्रभान शेवटपर्यंत तोंड फिरवून बसला. मग गोणपाटासकट आला.

"हे तं ओलं हाये," मनकर्णा म्हणाली.

"वाळंन ना," तो रडवेला होऊन म्हणाला. "मले अर्धाच द्या."

गाडी आली तेव्हा मनकर्णेभोवती शेणाचा कंबरेएवढा ढीग होता आणि नव्या निखाऱ्यांत आणखी रोडगे पुरलेले होते. खुशालरावाने बापाला उचलून निखाऱ्याशी बसवलं. नत्थुजींनी डोळे किलकिले करून आधी जाळ पाहिला, मग एक काडी घेऊन निखारे स्वतःच्या हाताने सारखे केले. मनकर्णेने पहिला रोडगा झाडला, फोडला, द्रोणात वरण घालून कुस्करला आणि पुढे ठेवला. सगळा पडाव म्हाताऱ्याच्या जबड्याकडे बघत उभा. तो सावकाश हलला, थांबला, पुन्हा हलला.

"मीठ कमी हाये," नत्थुजी म्हणाले, आणि दुसऱ्यासाठी द्रोण पुढे केला.

"बाई, आमचे?" गाडीवान एकदम ओरडले.

"गप बसा रे," खुर्शीदबीने दम दिला.

मनकर्णेने कोणाकडे पाहिलं नाही. निखाऱ्यातला सगळ्यात मोठा रोडगा तिने उकरून काढला. राख झाडायला फडकंही घेतलं नाही, वरणाची वाट पाहिली नाही. तिथेच फतकल मारली, रस्त्याकडे पाठ केली आणि गरम गरम, हात भाजत, तोंड भाजत, तो अख्खा खाल्ला.