येळवशीला शेतात गेलेली गाडी

गाडी तपासून घ्या, हे शरणप्पाला मीच सांगितलं होतं. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, पोटात मूल आडवं. कळा सुरू व्हायच्या आत, शनिवारपर्यंत तिला दवाखान्यात आणून ठेवा, असं सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. चव्वेचाळीस साल, लढाईचे दिवस, पेट्रोल मिळायची मारामार. सर्व्हिस मोटारीच्या गर्दीत तिला बसवणं शक्य नव्हतं, आणि नळदुर्गात भाड्याची मोटार एकच, शरणप्पाची जुनी फोर्ड. चालताना तिच्या पोटाखाली काहीतरी खडखडायचं. मला त्या खडखडीनं झोप येईना.

"बाई, ती खडखड जुनीच हाय. माझ्या गुडघ्यावानी," शरणप्पा म्हणाला.

"तरी एकदा दाखवून घ्या."

"तुमच्या जिवाला घोर नगं. दाखवतो."

बाळंतिणीचं भाडं तो कधी नाकारत नसे. लग्नाचं वऱ्हाड अर्ध्यात सोडून तो अडलेल्या बाईसाठी गेल्याचं मला ठाऊक होतं. कारण तो सांगत नसे, गाव सांगायचं. पंधरा वर्षांपूर्वी त्याची बायको शिवम्मा सोलापूरच्या वाटेवर, बैलगाडीचे हिसके खातच बाळंतपणात अडून वारली होती. त्यानंतर त्यानं बैल विकले. एका शेठजींच्या घरी चार वर्षं गाडी धुतली, तिथंच चालवायला शिकला, आणि शेठजींनी नवी मोटार आणली तेव्हा जुनी मागून घेतली.

गुरुवारी त्यानं गाडी गुंडाप्पा मिस्त्रीकडं दिली. गुंडाप्पाचं गॅरेज म्हणजे हमरस्त्याच्या कडेला चार पत्रे आणि गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा. उद्या दुपारी न्या, म्हणाला. दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इकडं गावात माणूस सापडत नाही. सगळे ताकातली अंबील आणि भाज्या-शेंगांची भज्जी घेऊन आपापल्या शेतावर. मिस्त्री सकाळीच काम उरकून जाईल, असं शरणप्पाला वाटलं होतं.

दुपारी तो आमच्या दारात आला तो घामाघूम. गॅरेजच्या छपराखाली गुंडाप्पा नव्हता. गाडीही नव्हती.

गॅरेजपुढच्या धुळीत चाकांच्या खुणा बोरी नदीकडं वळलेल्या होत्या. मला घरात थांबवेना, मीही त्याच्या मागं निघाले. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी, शेताशेतातून माणसांचे आवाज, आणि आम्ही दोघं खुणा बघत चाललो होतो.

गाडी ओढ्यात नाक खुपसून उभी होती. पुढची दोन चाकं दोन दिशांना फाकलेली. तीस पावलांवर बोरीच्या झाडाखाली गुंडाप्पाचं घरदार जेवत होतं.

"या, या! बाई, बसा," गुंडाप्पा उठला. "शरणप्पा, पान मांडतो."

"गुंडाप्पा, गाडी तपासायला दिलती म्या. येळवस करायला न्हाय."

"चालवून बघितल्याबिगर तपासणी कशी व्हणार? अव्वाला चालवंना, तिला बसवली, अंबिलाचं बिंदगं ठिवलं. म्हटलं, तेवढाच ब्रेक लागतोय का कळंल."

"मग? लागला?"

"न्हाय लागला. म्हणून तर कळलं."

"ब्रेक माझा नीट हुता!"

"अंबील सांडायली म्हणून म्या वरडले," गुंडाप्पाची म्हातारी आई नागूबाई मध्येच बोलली. तिच्या कपाळावर टेंगूळ, त्यावर हळद चोपडलेली. "ह्यानं मागं बघितलं. ब्रेकाचं नाव कशाला घेतो, भाड्या?"

मी ओढ्यातल्या गाडीकडं बघितलं. उद्या शनिवार.

नागूबाईनं शरणप्पापुढं अंबिलाचा तांब्या धरला. येळवशीला शेतात आलेला माणूस उपाशी गेला तर शेत उपाशी राहतं, असं इकडं मानतात, आणि खाल्लं की भांडण मिटलं. शरणप्पानं हात मागं घेतला.

"अव्वा, तुमचा मान मोठा. पर पोरगी सोलापूरला पोचंपर्यंत ह्या शेतातलं पानी न्हाय पिनार म्या."

"गेला उपाशी तर मीबी उपाशी," म्हातारीनं तांब्या खाली ठेवला आणि लेकाकडं वळली. "उठ. घास टाक तो."

गुंडाप्पा हातातली भाकरी टाकून उठला. बैल जुंपून गाडी वर ओढली. लोहारही त्याच्या शेतावर गेलेला. त्याची भट्टी पेटवून गुंडाप्पानं पुढच्या चाकांचा वाकलेला दांडा स्वतःच तापवला, स्वतःच ठोकला. शरणप्पा शेजारून हलला नाही. मी घरी येऊन लेकीच्या पोटावर हात ठेवून बसले. ती जरा हलली तरी मी विचारायची, दुखतंय का? शेवटी ती म्हणाली, "आई, तुझ्या विचारण्यानंच दुखायला लागेल."

शनिवारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी दारात आली.

"ब्रेक?" मी विचारलं.

"नवा करून दिलाय," गुंडाप्पा.

"पयलाबी नीटच हुता," शरणप्पा.

मागचं दार उघडं होतं, पण लेकीला बसवायला माझा हात पुढं होईना. कुणाचं खरं धरायचं? तेवढ्यात गुंडाप्पाच्या मागून नागूबाई आली, पदर खोचला आणि आधी स्वतः आत चढली.

"ये गं पोरी, शेजारी बस. हिसका बसला की मला चिमटा काढ. म्या माझ्या लेकाच्या पाठीत घालते."

लेक हसली आणि चढली. मग मला बसावंच लागलं. गुंडाप्पा बाहेर गाडीच्या पायरीवर उभा राहिला आणि शरणप्पानं गाडी सुरू केली. निजामाच्या सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाडीत डोकावून लेकीकडं पाहिलं आणि काही न तपासता दोर खाली सोडला. दिवस मावळायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो.

मंगळवारी ऑपरेशन करून नात झाली. दोघी सुखरूप. गुंडाप्पा आणि नागूबाई रविवारीच सर्व्हिस मोटारीनं परतले होते, शरणप्पा मात्र तीन दिवस दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडीतच राहिला. मी बातमी सांगायला गेले, तर मुलगा की मुलगी हेही त्यानं विचारलं नाही.

"बाई, वाटंत पोरीला लई हिसके न्हाय न्हवं बसले?"

मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

"तिलाच इचारून या," म्हणाला, आणि मी आत जाऊन, विचारून परत येईपर्यंत तो फाटकाचा गज धरून उभा राहिला.